पाचव्या वळणावरची तपासणी

रविवार, २२ सप्टेंबर २०२४, सकाळी सहा वाजून पाच मिनिटे. वडवणीच्या वर डोंगरात चढणाऱ्या जुन्या घाटाच्या माथ्यावर, साठी ओलांडलेली एक बाई सायकलच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या टोपल्यांमधील सीताफळांना सूचना देत होती. आवाज सहलीला निघालेल्या वर्गशिक्षिकेचा होता. “नीट बसा. एकमेकाला रेटू नका. तुमी अजून कच्चे हायत, तुमी खाली जावा. तुमी पिकायला आलेले, तुमी वर या.” मग माझ्याकडे वळून तिने त्याच दमात विचारले, “कावून उभी राहिलीस बे, सायन्स? चाकातली हवा बघ.”

सीताफळांना ‘तुमी’ आणि माणसांना ‘बे’, ही तिची कायमची व्यवस्था होती. आमच्याकडे पुरुष आपसांत वापरतात तो ‘बे’ ती भाडेकरूंना, दूधवाल्याला, शेळीला आणि पंक्चर झालेल्या ट्यूबला सारखाच लावीत असे. आदरार्थी बोलणे तिने फळांसाठी राखून ठेवले होते. फळे उलट उत्तर देत नाहीत, म्हणून ती आदराला पात्र आहेत, असे तिने मला एकदा समजावून सांगितले.

ती माझी घरमालकीण. सगळी वडवणी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत असे, म्हणून मीही खालाच म्हणू लागले. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून लातूरहून इथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आले होते. एक वर्ष शिकवायचे, प्रवेशपरीक्षा द्यायची आणि चांगल्या संशोधनसंस्थेत जागा मिळवून निघायचे, असा माझा स्पष्ट आराखडा होता. खोली बघायला गेले तेव्हा मी पिशवीत सगळी प्रमाणपत्रे घेऊन गेले होते, कारण एकट्या मुलीला खोली देताना लोक काय काय विचारतात याचा मला अनुभव होता. खाला दारातच बसली होती. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि एकच प्रश्न केला.

“सायकल येती का?”

“मी एम.एस्सी. झाले आहे,” मी म्हणाले.

“ते न्हाई इचारलं.”

सायकल येत होती. कॉलेजात असताना मी दोन स्पर्धांत उतरलेही होते. हे ऐकताच तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. माझे नाव तिने चौथ्या दिवशी विचारले, आणि ते ऐकून घेतल्यावरही ती मला ‘सायन्स’च म्हणत राहिली.

तिच्या दारात एक पत्र्याचा डबा असे. हंगामात ती रोज दुपारी त्याच्यापासून दोन हातांवर बसून सीताफळ खाई आणि एकेक बी तोंडातून नेमकी डब्यात उडवी. कोणी तक्रार घेऊन आले, की ती खाता खाता ऐकून घेई. पाणी कमी येते, गच्चीवरच्या दोऱ्या तुटल्या, वरच्या मजल्यावरचे लोक फार आवाज करतात. सगळे ऐकून झाल्यावर डब्यात ‘टण्ण’ असा आवाज होई. त्याचा अर्थ विषय संपला. दोरी दुसऱ्या दिवशी नवीन बांधलेली असे, पण त्यावर चर्चा होत नसे. मी पहिल्या महिन्यात निरीक्षण करून ठरवले की तिच्याशी महत्त्वाचे बोलायचे असेल तर बी तोंडात जाण्यापूर्वी बोलावे.

सायकल तिच्या मालकांची, म्हणजे वारलेल्या नवऱ्याची; काळी, उंच, मधल्या दांड्याची. खाला तिच्यावर सलवारीच्या पायाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावून आणि कुर्त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून बसे. बसताना पाय दांड्यावरून असा फेकी की गल्लीत उभी असलेली माणसे दोन पावले मागे सरत. वर्षाचे आठ-नऊ महिने ती गावात सायकल अगदी काठाने, गटाराला चिकटून चालवी. ऊस भरलेले ट्रॅक्टर, एसट्या आणि मोटारसायकली यांच्यासाठी रस्ता आहे, आपण पाहुणे आहोत, अशा बेताने. पण पावसाळा आला की ती वेगळीच बाई होई.

त्याचे कारण घाट. नवा रस्ता झाल्यापासून जुन्या घाटावर वाहतूक फारशी उरली नव्हती, आणि पावसाळ्यात कडेच्या कातळातून दगड सुटून रस्त्यावर येत, म्हणून पाऊस सुरू झाल्यापासून दसऱ्यापर्यंत तो सगळ्या मोटारगाड्यांना बंद ठेवीत. पायथ्याशी आडवा लोखंडी पाइप आणि त्याच्या कडेला सायकल जाईल एवढी फट. पाइपापाशी एक राखणदार बसे. पायी जाणाऱ्याला आणि सायकलवाल्याला तो अडवीत नसे; फक्त वर ढग असेल तर हात हलवून परत फिरवी. त्या फटीतून आत गेले की खाला सायकल थेट रस्त्याच्या मधोमध घेई, पांढऱ्या पट्टीवर, मान ताठ करून. पहिल्यांदा मी तिच्यासोबत गेले तेव्हा तिने मागे न बघता सांगितले, “आता दसऱ्यापतुर सडक आपली हाय.”

तो पहिला चढ मी विसरणे शक्य नाही. माझ्याकडे एकवीस गिअरची सायकल होती आणि वय पंचवीस होते. मी सरळ रेषेत, शास्त्रशुद्ध, हलक्या गिअरवर चढू लागले आणि तिसऱ्या वळणावर छाती फुटेल अशा धापा टाकत उतरले. मागे वळून पाहते तर खाला एकही गिअर नसलेल्या त्या लोखंडी धुडावर रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत तिरपी जात होती, काठाशी वळत होती, पुन्हा तिरपी येत होती. चेहऱ्यावर घाम होता, पण धाप नव्हती. मी तिथल्या तिथे गणित केले: पंचेचाळीस अंशांत तिरपे गेले तर वाट चाळीस टक्क्यांनी वाढते, पण चढ जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. उघड्या रस्त्यावर हे कोणी केले तर पहिल्याच वळणावर ट्रकखाली जाईल. बंद घाटात मात्र संपूर्ण रुंदी मोकळी होती आणि ती बाई ती रुंदी पुरेपूर वापरत होती. मला इतका आनंद झाला की मी ते गणित तिला रस्त्यातच ओरडून सांगितले.

“टक्के नगं सांगू,” ती म्हणाली. “सडक रुंद हाय, वापर.”

मी वापरली. त्या सकाळी आम्ही दोघी एकमेकींना छेदत, आखणी नसलेल्या आट्यापाट्या खेळल्यासारख्या वर गेलो. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, समोरून काही येण्याची शक्यता नाही. कातळावरून पाण्याच्या धारा रस्त्यावर पसरलेल्या, मधेच कोठे ओंजळभर दगड पडलेले. शेवटच्या वळणानंतर रस्ता सपाट झाला तेव्हा मी हँडलवरचे दोन्ही हात सोडून ओरडले. खाला मात्र फळे कुठे ठेवली आहेत ते बघायला पुढे गेली होती.

घाटाच्या माथ्याजवळ एक वस्ती आहे. तिथल्या बाया डोंगरातील सीताफळे तोडतात. दसऱ्यानंतर यांपैकी बहुतेक घरे ऊसतोडीला जातात, त्याआधीचा हा त्यांचा हंगाम. त्यांच्या म्होरक्या कौसाबाई. खाला इथून फळे घेते त्याला तीसेक वर्षे झाली आहेत. घाट उघडा असताना इथे कोणीही टेम्पो घेऊन येतो. पण हंगामाची पहिली, सर्वांत गोड फळे घाट बंद असतानाच तयार होतात, आणि ती खालाच नेई, सायकलवर, एका खेपेला दोन टोपल्या. टेम्पोला लांबून, दुसऱ्या तालुक्यातून वळसा घालावा लागतो. शिवाय खालाच्या मते इंजिनाच्या थरथरीने फळ घाबरते आणि घाबरून लवकर पिकते. मी हे तपासलेले नाही, त्यामुळे त्यावर मत देत नाही.

मात्र गेल्या वर्षी खालाने नेलेल्या मालात तीनातले एक फळ काळे पडले होते. सीताफळाला मार बसला तर तो लगेच दिसत नाही. वरून ठणठणीत दिसणारे फळ दुसऱ्या दिवशी आतून काळे निघते. बाजारात वस्तीचे नाव खराब झाले. ऑगस्टच्या शेवटी आम्ही वर गेलो तेव्हा कौसाबाईंनी चहा दिला आणि कप परत घेता घेता सांगितले की पलीकडच्या बाजूचा एक व्यापारी वळसा घालून टेम्पो आणायला तयार आहे.

“आपा, तुमचं मन मोडायचं न्हाई,” त्या खालाला म्हणाल्या. “पन बाया मला इचारत्यात, फळ कावून काळं पडतंय. मी काय सांगू? एक खेप बघते. दुसऱ्या दिशी दुपारी मी सोता येऊन टोपल्या उघडीन. काळं निघालं तर पुढच्या सालापासनं टेम्पो.”

उतरताना खालाने घाटात सायकल पहिल्यांदाच काठाने चालवली.

आता तिने काय गमावले असते ते मला नीट मांडायला हवे. व्यापार तिचा चालतच राहिला असता. वडवणीच्या बाजारात मोसंबी, पेरू, केळी यांवर तिचे घर सहज चालत होते. गेला असता तो घाट. सीताफळे नसती तर त्या वयाच्या बाईला पावसाळ्यात पहाटे सायकल घेऊन डोंगर चढायला कोणतेही कारण उरले नसते, आणि कारणाशिवाय जायला ना गल्लीने परवानगी दिली असती, ना तिने स्वतःला.

मी त्याच संध्याकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून, रीतसर परवानगी घेऊन, धक्के नोंदवणारे एक यंत्र आणले. आकार काडेपेटीएवढा. किती वाजता किती जोराचा धक्का बसला ते ते साठवून ठेवते. धक्क्याचे माप ‘जी’, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट. मी एक रबरी चेंडू कापला, यंत्र मध्ये ठेवले, भोवती शाडू भरली आणि त्याचे वजन बरोबर एका मोठ्या सीताफळाएवढे केले. हे खोटे फळ टोपलीत खऱ्या फळांमध्ये बसवायचे, आणि त्याला जे सोसावे लागेल ते इतरांनीही सोसले असे मानायचे. खालाने ते हातात घेऊन, वास घेऊन, कानाशी धरून पाहिले. “हे बे कोन?” असे तिने विचारले. फळ नसल्याचे तिला लगेच कळले होते.

पहिली चाचणी माझी. माझा सिद्धान्त असा होता की खाला फार हळू उतरते. उतरण्याचा वेळ निम्मा केला तर हादऱ्यांचा एकूण काळही निम्मा होईल. मी एक टोपली माझ्या सायकलला बांधली आणि बंद घाटाच्या मोकळ्या वळणांवरून अक्षरशः वाहत खाली आले. इतका सुंदर उतार मी आयुष्यात उतरलेला नाही. सर्वांत मोठा धक्का ९.४ जी, एका खड्ड्यात. खालाने टोपली उघडली, वरचे फुटलेले फळ बाहेर काढले आणि त्याचीच माफी मागितली. मग मला म्हणाली, “ही शर्यतीला चालली होती का बे? इचारायचं तरी त्यांना.”

दुसरी चाचणी तिची. ती नेहमीप्रमाणे उतरली: संथ, दोन्ही ब्रेक आलटून पालटून, खड्डा दिसला की चार हात आधीपासून वळसा. घरी येऊन मी नोंदी संगणकावर उघडल्या आणि खुर्चीतून उठून उभी राहिले. संपूर्ण रस्त्यावर तिचा आलेख जवळजवळ सपाट होता. कोठेही अडीचच्या वर गेलेला नव्हता. माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. फक्त एके ठिकाणी, घाटाच्या मध्यावर, दोन उंच सुळके उभे होते: १३.८ आणि १५.१. खड्ड्याने असे होत नाही. तिथे खड्डाच नव्हता. मी वेळ जुळवून पाहिली. ते पाचवे वळण होते.

पाचव्या वळणावर रुंद दगडी कठडा आहे, आणि तिथे खाला थांबते. दर खेपेला, तीस वर्षे. सायकल कठड्याला टेकवते, एक टोपली उचलून कठड्यावर ठेवते, फडके काढून फळे पाहते, त्यांची चौकशी करते, टोपली पुन्हा टांगते, मग दुसरी. भरलेली टोपली दगडावर ठेवताना आणि परत आकड्याला अडकवताना आता साठी ओलांडलेल्या हातांतून ती थोडी निसटते. प्रत्येक टोपलीला दोन धक्के. फळांना सबंध घाटात जो मार बसत होता तो रस्त्याने दिलेला नव्हता. तो त्यांची काळजी घेताना बसत होता.

मी उत्साहाच्या भरात आलेख छापून घेतला आणि दुपारी तिच्यासमोर ठेवला. बी तोंडात जाण्यापूर्वी ठेवायला हवा होता. तिने ते दोन सुळके पाहिले, माझे बोलणे पूर्ण ऐकले आणि डब्यात ‘टण्ण’ झाले.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शेळीशी बोलताना मात्र ती मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत असे की हल्ली चेंडू माणसाला अक्कल शिकवतात. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने स्वतःच हाक मारली. समोर बसवले आणि सांगितले ते असे: मालक होते तेव्हा एका साली घाट लवकर उघडला, म्हणून त्यांनी सगळा माल एकदम टेम्पोत भरून आणला. वाटेत कोठे थांबले नाहीत, एकदाही फडके उचलून पाहिले नाही. खाली आल्यावर सगळा माल काळा. कौसाबाईंच्या सासूबाई तेव्हा म्होरक्या होत्या. त्यांच्यासमोर मालकांना मान खाली घालून उभे राहावे लागले.

“त्या दिसापासनं मी बघती,” खाला म्हणाली. “न बघता आणायचं, ही काय रीत हाय का?”

मी शक्य तितक्या हळू विचारले, “पाचव्या वळणावर एखादं काळं निघालं, तर तुम्ही काय करता?”

“काय करनार? झाकती आन् फुडं निघती.”

“मग बघून काय मिळतं?”

मग तिने बी उडवली आणि ती डब्याच्या काठाला लागून अंगणात गेली. मी तिथे राहत असताना नेम चुकल्याचा तो एकमेव प्रसंग. ती उठली, बी उचलून हाताने डब्यात टाकली आणि म्हणाली, “मला दिसायला पायजे, सायन्स. दिसल्याबिगर माझे पाय न्हाई चालत. तू काय बी कर.”

ही तक्रार नव्हती, ही समस्येची अचूक मांडणी होती. तिला न थांबता फळे दिसायला हवी होती. मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजमधून जुन्या स्कूटरचा गोल आरसा आणला आणि तिच्या हँडलला असा बसवला की त्यात रस्ता अजिबात दिसू नये, फक्त मागची टोपली दिसावी. दुसऱ्या हाताला दुसरा. घाट बंद असल्यामुळे मागून काही येण्याचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या कोणत्याही रस्त्यावर मी असे आरसे बसवले नसते. खालाने अंगणात तीन चकरा मारल्या. आरशात टोपल्यांवरची फडकी तेवढी दिसत होती, फळे नाहीतच. पण ती खूष होती. “घुंगट दिसला तरी बास,” म्हणाली. “आत हायत हे कळतं.”

अशा तयारीनिशी आम्ही त्या रविवारी माथ्यावर उभ्या होतो. कौसाबाईंनी फळे स्वतः भरून दिली आणि फडक्याच्या गाठी स्वतः बांधल्या. उद्या त्याच सोडणार होत्या. खोटे फळ उजव्या टोपलीत होते. त्यावर खालाने एक अट घातली: खरी फळे उद्या उघडायची, तर ते खोटेही उद्याच उघडायचे, आज घरी जाऊन आलेख बघायचा नाही. माझ्यासाठी हे फार कठीण होते, पण मी कबूल केले.

खाला पुढे, मी मागे. पहिली चार वळणे तिने जी उतरली ती मी पुन्हा पुन्हा आठवते. पांढऱ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे ओघळ, वर कातळ, खाली दरीत धुके, आणि मध्ये ती काळी सायकल, दोन्ही टोपल्यांसह, जणू दोरीवरून जावी तशी. ती दर थोड्या वेळाने डाव्या आरशात बघे, मग उजव्या. मला आनंदाने ओरडावेसे वाटत होते.

चौथ्या वळणानंतर उजवा आरसा सैल झाला. हादऱ्याने त्याचा नट फिरला होता. आरसा मान टाकल्यासारखा खाली झुकला. पाचवे वळण समोर आले, कठडा दिसला, आणि खालाने आरशात पाहिले तर तिथे फक्त तिची स्वतःची चप्पल होती. ज्या टोपलीत खोटे फळ होते तीच टोपली तिला दिसेनाशी झाली.

सायकल मंद झाली. ती कठड्याकडे वळली. एक पाय जमिनीवर आला. मी मागे दहा हातांवर थांबले. तिचा हात हँडल सोडून मागे टोपलीच्या कडीकडे गेला आणि कडीवर टेकला. पकड घट्ट झालेली मला दिसली. उचलू नका असे ओरडायचे माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण तसे सांगणारा आलेख तिने आधीच पाहिला होता आणि माझे ऐकूनही घेतले होते. आता सांगण्यासारखे उरले नव्हते.

तिने मान न वळवता विचारले, “सायन्स, तुला दिसतंय का?”

“दिसतंय, खाला.”

“काय दिसतंय?”

“फडकं नीट आहे. गाठ जागेवर आहे. टोपली सरळ आहे.”

“हलतायत का ते?”

“नाहीत. गप्प बसलेत.”

तिने कडीवरचा हात काढला. पुन्हा हँडलवर ठेवला. “मंग सांगत राहा,” म्हणाली, “थांबू नगंस,” आणि पाय उचलला.

तिथून पायथ्यापर्यंत मी बोलत राहिले. फडकं नीट आहे, खाला. गाठ आहे. टोपली सरळ आहे. सातव्या वळणावर मी आवाज चढवला, कारण पाण्याचा ओहोळ जोरात वाहत होता. आठव्यानंतर मला सांगण्यासारखे नवीन काही उरले नाही, म्हणून मी फडक्याचा रंग सांगितला, गाठीचे शेपूट कोणत्या दिशेला आहे ते सांगितले. खाला दर वेळी “हां” म्हणे. पाइपापाशी बसलेल्या राखणदाराने, दोन बाया घाटातून मोठमोठ्याने एका टोपलीचे वर्णन करीत येत आहेत, हे पाहिले आणि तो उठून उभा राहिला. काय झाले म्हणून त्याने विचारले. खाला त्याला म्हणाली, “काही न्हाई बे. कॉमेंट्री चालू हाय.”

सोमवारी दुपारी कौसाबाई आल्या. मोठ्या सुनेला सोबत आणले होते. चहा नको म्हणाल्या, आधी टोपल्या. अंगणात पोते पसरले, गाठी सोडल्या, आणि त्या एकेक फळ हातात घेऊन अंगठ्याने हळू दाबून पोत्यावर ठेवू लागल्या. दाबल्यावर शंका आली की फळ फोडून पाहायचे. खाला त्यांच्याकडे पाठ करून शेळीला पाला घालत होती. शेळीपुढे दोन दिवसांचा पाला झाला तरी ती घालतच होती. डावी टोपली झाली, उजवी झाली. पोत्याच्या एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला काळी पडलेली: पाच फळे, दोन्ही टोपल्या मिळून.

कौसाबाईंनी हात पुसले. सुनेने पाच फळांकडे आणि मग सासूकडे पाहिले.

“आपा,” कौसाबाई म्हणाल्या, “परवा तीन टोपल्या भरून ठिवते.”

“दोनच भर बे,” खाला मागे न वळता म्हणाली. “तिसरी टांगायला जागा न्हाई.”

“मंग दोन खेपा करा.”

“करती.”

मग चहा झाला. पलीकडच्या बाजूच्या टेम्पोचा विषय कोणी काढला नाही. कौसाबाई पाइपापर्यंत एसटीने जाणार आणि तिथून चढून जाणार होत्या. खालाने त्यांना सायकलच्या मागे बसवून स्टँडवर सोडण्याचा आग्रह धरला आणि त्यांनी तितक्याच जोराने नकार दिला. फळांना जमते ते मला जमणार नाही, असे त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर खालाने स्वतः खोटे फळ आणून माझ्यासमोर ठेवले. “आता उघड,” म्हणाली, आणि डबा, सीताफळ वगैरे काही न घेता नुसती शेजारी बसली. मी रबर उलगडले, शाडू फोडली, यंत्र जोडले. आलेख पडद्यावर आला आणि तिने बोट ठेवून, न विचारता, नेमकी ती जागा दाखवली. मी ती मोठी करून तिला वाचून दाखवली, आणि त्याच संध्याकाळी माझ्या नोंदींत शेवटची ओळ म्हणून लिहिली:

पाचवे वळण, उजवी टोपली, थांबलेली असताना सर्वांत मोठा धक्का: ०.३ जी.